लग्नाला आलेल्या नागपूरकरांबरोबर ठाण्यातले चार दिवस

मुहूर्त माघातला निघाला आणि त्याच रात्री दादाने कामं वाटली. हॉल, भटजी, केटरर त्याच्याकडे. साड्या, दागिने, रुखवत वहिनीकडे. आणि पाहुणे माझ्याकडे. "नागपूरची 60-65 माणसं येतायत," तो म्हणाला. "शुक्रवारी पहाटे उतरतील, सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत. लग्न रविवारी. मधल्या वेळात त्यांनी काय खायचं, कुठे फिरायचं, रात्री पोरांना कुठे न्यायचं, ते तू ठरव. तुझ्याइतकं ठाणं आपल्यात कोणाला ठाऊक आहे?"

मला ते काम मनापासून आवडलं. मी नौपाड्यात जन्मले, लग्न करून पाचपाखाडीत गेले, उभं आयुष्य ठाण्यात काढलं. भाचीच्या सासरच्यांना आपलं गाव दाखवायचं, यात मला माहेर आणि सासर दोन्हीकडचा मान वाटत होता. त्या रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले आणि तासाभरात 18 ठिकाणं लिहून काढली. मासुंदा, कोपिनेश्वर, उपवन, कचराळी, येऊर, गायमुख, घोडबंदरचा किल्ला, ओवळ्याची फुलपाखरांची बाग, टिटवाळा, अंबरनाथ, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं, कान्हेरी, घारापुरी... खाण्याची यादी वेगळी, तीही तेवढीच मोठी.

मुलाने वही वाचली आणि एकच विचारलं, "आई, हे चार दिवसांत कसं बसवणार? यातल्या तीन संध्याकाळी तर हॉलवरच जाणार आहेत."

मग कार्यक्रम मांडून बसलो. शुक्रवारी संध्याकाळी मेंदी, शनिवारी संध्याकाळी हळद आणि संगीत, रविवारी दुपारी लग्न. हॉल कासारवडवलीला, पाहुण्यांच्या खोल्या तीन हात नाक्याजवळ. मध्ये घोडबंदर रोड. अंतर 10-11 किलोमीटर, पण ठाण्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. तिथे जाऊन येऊन पाहायचं ठरवलं. दुपारी 3 ला मुलाच्या स्कूटरवर मागे बसून गेले, 25 मिनिटं लागली. संध्याकाळी 7 ला गाडीने त्याच रस्त्याने गेलो तेव्हा कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा करत पोहोचायला सव्वा तास लागला. म्हणजे मेंदी 7 ला असेल तर पाहुण्यांनी 5 लाच गाडीत बसायला हवं. म्हणजे शुक्रवारची भटकंती साडेचारला संपायला हवी. यादीतली सहा-सात ठिकाणं त्या एका हिशेबातच गळाली.

दुसरी कात्री सोमवारची. आमच्याकडे पूर्ण मोकळा दिवस तेवढाच होता आणि मी त्यावर घारापुरी आणि कान्हेरी लिहून ठेवली होती. दोन्ही सोमवारी बंद. कान्हेरी ज्याच्या आत आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच सोमवारी बंद असतं. बाहेरगावच्या माणसाला बोरिवलीपर्यंत नेऊन बंद फाटक दाखवणं फार वाईट. ते टळलं.

त्यानंतर मी जे केलं ते खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. नवऱ्या मुलाच्या काकूंना फोन केला. त्यांच्या बाजूची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. मी प्रश्न लिहूनच ठेवले होते: जिने कोणाला चढवत नाहीत, साखर कोणाला आहे, कोण कोणता वार पाळतं, मासे-मटण कोण खातं, लहान मुलं किती, एकट्याने फिरू शकणारी तरुण पोरं किती. काकूंनी एकेक नीट सांगितलं. शनिवारी न खाणारे 19, सोमवारी न खाणारे 14. पाच जणांचे गुडघे. नवऱ्या मुलाचे आजोबा निवृत्त इतिहासाचे मास्तर, त्यांना जुनी देवळं दाखवली तर बाकी काही नको. मी तलावांबद्दल, येऊरच्या जंगलाबद्दल भरभरून बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ताई, तलाव आमच्याकडे फुटाळा आहे, अंबाझरी आहे. जंगल पाहायचं तर ताडोबाला जातो आम्ही. समुद्र नाही न आमच्याकडे. तुम्ही समुद्र कधी दाखवता ते सांगा."

64 जणांपैकी 11 जणांनी समुद्र कधीच पाहिलेला नव्हता. त्यात 74 वर्षांच्या आजी होत्या.

फोन ठेवल्यावर मी वहीतली यादी पुन्हा वाचली. तिच्यात समुद्र नव्हता. खाडी होती, तलाव होते, पण समुद्र नव्हता, कारण ठाण्याला समुद्र नाही आणि मी फक्त मला अभिमान वाटतो ते लिहिलं होतं. येऊर मी त्याच रात्री खोडलं. येऊरवर माझा फार जीव आहे. थंडीच्या सकाळी वनखात्याच्या चौकीपासून पाटोणापाड्याकडे चालत जाण्यासारखं सुख नाही, पण ज्यांच्या घरून ताडोबा दोन-अडीच तासांवर आहे त्यांना तिथे नेऊन काय दाखवणार? शिवाय अंधार पडल्यावर तिकडे गोंगाट घेऊन जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. बिबट्यांचं घर आहे ते. लग्नघरच्या 20 पोरांना रात्री तिकडचा रस्ता दाखवायचा नाही, हे माझं आधीच ठरलं होतं.

शेवटी एकाच पानाची यादी झाली. मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक खोलीत एक ठेवली. प्रत्येक ठिकाणापुढे चार गोष्टी: निघायचं कधी, चालायचं किती, पायऱ्या आहेत का, आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे. ही चौथी गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात नसते आणि त्याच्यावाचून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मी स्वतः प्रत्येक ठिकाणी आत जाऊन पाहून आले होते.

शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेस पहाटे ठाण्याला लागली. गाडी इथे थोडाच वेळ थांबते, म्हणून काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की कल्याण गेलं की सामान दाराशी आणा. सगळे उतरले, एक पिशवीही मागे राहिली नाही. खोल्या, अंघोळी, चहा झाला आणि 9 वाजता 15-15 च्या दोन टोळ्या करून मामलेदार मिसळीकडे निघालो. सगळे एकदम नेले असते तर बसायलाच मिळालं नसतं.

मामलेदार कचेरीच्या शेजारची म्हणून मामलेदार मिसळ. तिथे तिखट, मध्यम आणि कमी तिखट असं विचारतात आणि ते विचारणं मनावर घ्यायचं असतं. मी सगळ्यांसाठी मध्यम सांगणार होते, तर नवऱ्या मुलाचे मामा म्हणाले, "आम्ही सावजी खाणारे, आम्हाला काय विचारता!" आणि पाच जणांनी तिखट मागवली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर फरसाण, त्यावर लाल तेलाचा थर, बाजूला पाव. मामांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला कपाळावर घाम आला. शब्द काही बोलले नाहीत. प्लेट मात्र पुसून खाल्ली आणि मग ताकाचे दोन ग्लास मागवले. "सावजीचा तिखट पोटात लागतो," ते सावकाश म्हणाले, "हा जिभेवरच पकडतो." मला ते वाक्य फार आवडलं. मी 40 वर्षं ती मिसळ खाते आहे, पण तिचं वर्णन मला इतकं नेमकं जमलं नव्हतं.

तिथेच दुसरी एक गंमत झाली. काकूंनी पोऱ्याला सांगितलं, "भाऊ, थोडा सांबार टाका न वरून." तो म्हणाला, "सांबार नाही मिळत काकू, इडलीच्या हॉटेलात मिळेल." काकू गोंधळल्या, तो गोंधळला. शेवटी त्यांनी शेजारच्या प्लेटमधली हिरवी पानं दाखवली तेव्हा उलगडा झाला. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तर्रीचंही तसंच. त्यांची तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो चण्याचा रस्सा. आमच्याकडे तर्री म्हणजे वर तरंगणारा तेलाचा तवंग. मग अर्धा तास टेबलावर शब्दांचीच देवाणघेवाण चालली आणि दोन्हीकडच्या बायका पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. लग्नाच्या बैठकीपासून जो एक अवघडलेपणा होता तो त्या मिसळीवर गेला.

11 नंतर लोकलची गर्दी उतरते. सव्वाअकराच्या जलद लोकलने आम्ही 32 जण समुद्र बघायला मुंबईकडे निघालो, बायका बायकांच्या डब्यात. प्रत्येकीला सांगितलं होतं की पर्स पुढे धरायची आणि शेवटच्या स्टेशनवरच उतरायचं आहे, तेव्हा घाई करायची नाही. गाडी सुटल्यावर मास्तर आजोबांना सांगता यावं म्हणून मुलाला त्यांच्याबरोबर बसवलं होतं: 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर बोरीबंदरहून ठाण्याला आली होती, 34 किलोमीटर, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. आजोबांना ते सगळं आधीच माहीत होतं. पण त्या रुळांवरून आपण जातो आहोत हे त्यांच्या चेहऱ्यावर सारखं दिसत होतं, असं मुलगा म्हणाला.

मरीन ड्राइव्हला न्यायचं नाही, हे मी आधी जाऊन ठरवलं होतं. दिसायला तो समुद्र देखणाच, पण मधे काँक्रीटचे तिकोने दगड, पाण्याला हात लागत नाही. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाला पाय भिजवायचे असतात. म्हणून गिरगाव चौपाटी. स्टेशनपासून टॅक्सीने गेलो. फेब्रुवारीची दुपार होती तरी वारा होता. आजी वाळूत चपला काढून उभ्या राहिल्या. दोन्हीकडून काकू आणि मी. पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेली, तशी त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "जमीन सरकते हो," म्हणाल्या. मग थोडं वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "खारटच आहे." इतकी वर्षं ऐकलेलं खरं निघालं, एवढंच. त्यानंतर 20 मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत. सूर्यास्तापर्यंत थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण 5 नंतर ठाण्याच्या लोकलमध्ये 74 वर्षांच्या बाईला चढवणं शक्य नव्हतं. साडेतीनची गाडी धरली.

त्या रात्री मेंदीला मोटारीने येणारी मंडळी उशिरा पोहोचली. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून नागपूर ते आमणे असा पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला आहे. ते सकाळी निघून संध्याकाळी आमण्याला आले, आणि तिथून हॉलपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरला भिवंडीच्या बाजूने पावणेदोन तास लागले. कोणी त्या रस्त्याने येणार असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर माणूस "आलोच" म्हणतो आणि जेवणं खोळंबतात.

शनिवारची सकाळ रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत बोट नेतात. 2015 साली खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोटीची वेळ घड्याळावर नसते, भरतीवर असते. पाणी चढल्याशिवाय बोट निघत नाही. म्हणून आधी भरतीचं वेळापत्रक काढलं, मग शनिवार ठरवला, मग जागा आधीच आरक्षित केल्या. ज्यांना रोज पंचांग बघायची सवय आहे त्यांना हे अवघड नाही, तिथीवरून भरतीचा अंदाज कोळी लोक आजही सांगतात.

28 जण आले. खारफुटीतून बोट बाहेर पडली तेव्हा चिखलाचा तो ओळखीचा वास आला. मला तो आवडतो, पाहुण्यांनी पदर नाकाला लावले. काठच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणकन उड्या मारत होत्या. अर्ध्या-पाऊण तासाने लांबवर एक फिकट गुलाबी रेघ दिसली. जवळ गेलो तशी ती रेघ फुटून माना, पाय, चोची वेगळ्या व्हायला लागल्या. सगळ्यांच्या माना पाण्यात, चोच उलटी धरून चिखल गाळत. इतक्या पक्ष्यांचा मिळून एक गुरगुरल्यासारखा आवाज येतो, तो कोणत्याच फोटोत येत नाही. नवऱ्या मुलाच्या आठ वर्षांच्या भाच्याने हळूच विचारलं, "आपण बोललो तर उडतील का?" आणि बोटीतली सगळी मोठी माणसं गप्प झाली. एक थवा उठला तेव्हा पंखांच्या आतला लाल-काळा रंग उघडला. नागपूरला गेल्यावर सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोललं गेलं, असं काकूंनी नंतर कळवलं.

एक चूक माझी झाली. बोटीला सावली असते असं मी धरून चालले होते, टोप्या न्यायला सांगितल्या नव्हत्या. दोघी-तिघींना ऊन लागलं आणि संध्याकाळी हळदीला त्या डोकं धरून बसल्या. छापलेल्या पानावर त्या दिवशी मी पेनाने "टोपी, पाणी" लिहिलं. ते आधी लिहायला हवं होतं.

हळदीची रात्र मला जास्त काळजीची वाटत होती. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला परवानगी नसते. हॉलवाल्याने आधीच बजावलं होतं, आणि 10 ला त्याने खरंच बंद केलं. शेवटच्या गाण्याला 20-22 तरुण पोरं-पोरी घामाघूम होऊन नाचत होती. आवाज थांबला तशी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत्या, आता कुठे?"

बाहेरून आलेल्या तरुण मुलांच्या लग्नातल्या रात्री 10 ला सुरू होतात आणि आपण मोठी माणसं त्यावेळी झोपायची व्यवस्था बघत असतो. मी आधीच ठरवलं होतं. दोन ट्रॅव्हलरमध्ये सगळ्यांना भरलं, रस्ता मोकळा होता, अर्ध्या तासात तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर. पाहुण्यांना तलाव नको असं मीच खोडलं होतं, पण रात्रीची तलावपाळी हा तलाव बघण्याचा विषयच नाही. आम्ही ठाणेकर तिथे बसायला, चालायला, बोलायला जातो. मासुंद्याच्या कठड्यावर दिव्यांची प्रतिबिंबं हलत असतात, कुल्फीवाला असतो, कॉलेजची पोरं, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, रात्रपाळी संपवून आलेले लोक, सगळे एकाच कट्ट्यावर. हळदीने पिवळे झालेले कुर्ते घालून आमची वरात तिथे उतरली. कोणीतरी अनोळखी बाईने नवरदेवाला ओळखून "अभिनंदन हो" म्हटलं. दोन्हीकडची पोरं तिथे पहिल्यांदा एकमेकांत मिसळून बसली. संगीतात नाचताना ती दोन वेगवेगळ्या गटांतच होती, ते मी पाहिलं होतं. साडेबाराला मी त्यांना उठवलं. नवऱ्या मुलाचा एक मित्र म्हणाला की पुढच्या वेळी गाणी 9 लाच बंद करा.

रविवारी लग्न लागलं, पाठवणी झाली, संध्याकाळी 7 पर्यंत सगळं आवरलं. त्या रात्री दोन वाटा होत्या.

मोठ्यांपैकी ज्यांना मासे खायचे होते त्यांच्यासाठी तीच एक रात्र होती: शनिवारी आणि सोमवारी वार, त्यात देवक बसलेलं. नौपाड्यातल्या एका छोट्या मालवणी खानावळीत 17 जणांची आधी सोय केली होती. नदीतला रोहू आणि मरळ खाणाऱ्या माणसाला काट्याची भीती असते असं नाही, पण समुद्राच्या माशाची ओळख नीट करून द्यावी लागते. मी सुरमई सांगितली, मधला एकच काटा. मग बोंबील, रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेला. मामा काटा शोधत राहिले. मी म्हटलं, "शोधू नका, सगळाच खायचा." त्यांनी अख्खा बोंबील तोंडात टाकला आणि आणखी एक प्लेट मागवली. सोलकढीला त्यांनी आधी गुलाबी ताक म्हटलं. कोकम आणि नारळाचं दूध सांगितल्यावर पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. काकू मासे खात नाहीत, त्यांनी आमच्या घरी मेतकूट-भात खाल्ला आणि त्याच तृप्त होत्या.

तरुणांची वाट मॉलमधल्या एका पबकडे. इथे मात्र माझा अभ्यास कमी पडला. टेबल सांगून ठेवलं होतं, पण दारावर ओळखपत्रं मागितली आणि नुसत्या मुलांचा जो 9 जणांचा गट पुढे गेला होता त्याला आत सोडेनात. मुलगे एकटे चालत नाहीत, बरोबर मुली हव्यात, असा त्यांचा नियम. टेबल घेताना फोनवर हे कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरगावची, लग्नाला आलेली, नीट कपडे करून आलेली मुलं अर्धा तास दारात उभी राहिली याचं मला अजूनही वाईट वाटतं. शेवटी आमच्या पोरी पोहोचल्यावर सगळे आत गेले. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं वय लागतं, हेही मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. तिघांनी 23-24 व्या वर्षी ते दारातच ऐकलं. कोणाच्या घरी लग्न असेल त्याने तीन गोष्टी फोनवर स्पष्ट विचाराव्यात: गटात किती मुली लागतात, वय काय, आणि त्या तारखेला ड्राय डे आहे का. ड्राय डे वर्षाच्या यादीत असतातच, आणि निवडणूक असली की वेगळे लागतात. परत यायची व्यवस्था मात्र चोख होती. गाडी दाराशी उभी, चालक पूर्ण शुद्धीवर, आणि प्रत्येकाकडे माझा नंबर. दीड वाजता शेवटचा "पोहोचलो" असा निरोप आला तेव्हा मी झोपले.

सोमवारी सकाळी बायकांची एक टोळी राममारुती रोड आणि गोखले रोडला खरेदीला गेली. मधे गजानन वडापावकडे बेसनाची पिवळी चटणी चाखून आली, आणि प्रशांत कॉर्नरमधून गाडीतल्या फराळासाठी खोके भरून आणले. तो भाग आपोआप झाला, मला काही करावं लागलं नाही.

मी मास्तर आजोबांबरोबर गेले. आधी कोपिनेश्वर, सोमवार असल्याने रांग होती. तिथून जेलच्या तटाकडे. हा ठाण्याचा किल्ला. 1737 च्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. आत जाता येत नाही. बाहेरच्या पदपथावर उभं राहून आजोबांनीच मला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची गोष्ट सांगितली. 1816 मध्ये ते इंग्रजांच्या कैदेतून इथून निसटले, खिडकीखाली घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून निरोप पोहोचवला असं म्हणतात. मी या भिंतीजवळून हजारदा गेले असेन. शाळेत असताना रोज.

मग लोकलने अंबरनाथ. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ, वालधुनीच्या काठावर. देऊळ सोमवारी बंद नसतं, उलट त्याचाच वार. स्टेशनपासून रिक्षा केली. आजोबा आवारात शिरले आणि थांबलेच. वालुकामय दगड नाही, आपला काळा बेसॉल्ट, आणि त्यावर हत्तींची ओळ, माणसांची ओळ, मग आकृतीवर आकृती चढत शिखराकडे गेलेल्या. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि तळव्याने एक हत्ती चाचपला. "आमच्या विदर्भात मार्कंड्याच्या देवळाला असं आहे," म्हणाले, "पण तिथला दगड वेगळा. हा कोरायला फार कठीण." गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी आधी पाहून आले होते, त्यांचे गुडघेही माहीत होते. त्यांनी वरूनच हात जोडले. मी खाली जाऊन त्यांच्या नावाचं बेलाचं पान वाहिलं. मग सव्वा तास आम्ही देवळाला बाहेरून फेऱ्या मारत होतो, आणि ते एकेक मूर्ती दाखवत होते. देऊळ माझ्या जिल्ह्यातलं, आणि दाखवत होते ते.

संध्याकाळी ठाणे स्टेशनवर गाडीत सामान चढवताना आजींनी पिशवीतून एक छोटी बाटली काढून दाखवली. प्लास्टिकची, औषधाची. चौपाटीवरचं पाणी. ते कधी भरलं ते मला दिसलं नव्हतं. नागपूरला शेजारणींना दाखवायचं म्हणाल्या.

आता पंधरा दिवसांनी त्यांच्याकडचा स्वागत समारंभ आहे, आम्ही 40 जण नागपूरला जातो आहोत. परवा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "लिहून घेते हं ताई, सांगा. जिने कोणाला चढवत नाहीत, आणि तुमच्यात कोण कोणता वार पाळतं?"